स्काय व्हॅलीला जाण्यापूर्वी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या शनिवारी मित्रांसोबत लॉस एंजेलिसहून पाम स्प्रिंग्जच्या बाजूला गाडीने जाणार असल्याचे तू परवा फोनवर सांगितलेस, तेव्हापासून कायस या रॉक बँडचा ‘वेलकम टू स्काय व्हॅली’ हा अल्बम माझ्या मनात पुन्हा वाजू लागला आहे. त्याच्या मुखपृष्ठावर रस्त्याकाठची जी पाटी आहे, ती ज्या वस्तीची, ती स्काय व्हॅली पाम स्प्रिंग्जपासून जवळच आहे.

हा अल्बम जून १९९४ मध्ये आला. पाम डेझर्ट या गावातली बँडमधली ही मुले सुरुवातीच्या काळात जनरेटर आणि वाद्ये घेऊन उघड्या वाळवंटात जात आणि रात्री तिथेच वाजवत. जिथे आवाज परतवायला भिंत नाही, तिथे ती पोकळी भरून काढण्यासाठी तो मुळातच जाड असावा लागतो, असे मला वाटते. बँडचा गिटारवादक जॉश हॉमीने गिटार नेहमीपेक्षा दोन पूर्ण स्वर खाली उतरवली आणि ती बास गिटारच्या अॅम्प्लिफायरमधून वाजवली. आपल्याकडे खर्जाचा रियाज करणाऱ्याच्या शेजारी बसल्यावर स्वर कानाआधी छातीला जाणवतो, तसेच काहीसे ‘गार्डेनिया’ या सुरुवातीच्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यापासून होते. त्या काळातल्या कितीतरी कर्कश कॅसेटी मी नंतर देऊन टाकल्या, पण ही राहिली, कारण यातला जोर घाईत नाही. ब्रँट ब्यॉर्कचे ड्रम तालाच्या किंचित मागे रेलून चालतात, स्कॉट रीडरचा बास खालची जमीन धरून ठेवतो, आणि जॉन गार्सियाचा आवाज गरज असेल तेवढाच वर येतो. अडीच मिनिटांत सगळे भाजून काढणाऱ्या ‘हंड्रेड डिग्रीज’नंतर लगेच सात मिनिटांचे, निवांत ‘स्पेस कॅडेट’ येते आणि उन्हाची रात्र होते; या एका वळणासाठी मी हा अल्बम शेकडो वेळा लावला आहे.

तू गाणी सुटी सुटी निवडून ऐकतोस, हे मला ठाऊक आहे. इथे तसे करू नकोस. मूळ सीडीवर दहा गाणी तीन सलग भागांत बांधलेली होती, त्यामुळे बटण दाबून पुढच्या गाण्यावर उडी मारता येत नसे, आणि मन दुसरीकडे न जाऊ देता ऐका, अशी सूचनाही आत छापलेली होती. माझ्याकडे मात्र ती सीडी नव्हती. अमेरिकेहून आलेल्या एका मित्राच्या सीडीवरून मी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ती उतरवून घेतली होती, आणि पंचेचाळीस मिनिटांनी पहिली बाजू संपे ती नेमकी शेवटच्या ‘व्हाइटवॉटर’ला लय सापडत असताना. खट्ट आवाज होई, मी कॅसेट काढून उलटी घाली, आणि तोवर मधला धागा गेलेला असे. ते गाणे एका दमात शेवटपर्यंत मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा तू दोन वर्षांचा होतास आणि माझ्या मांडीवर झोपला होतास.

हा बँड १९९५ मध्ये मोडला, म्हणजे ही गाणी निर्माण झाली त्या जागी त्यांच्याकडून ती ऐकणे आता तुला शक्य नाही. पण जागा आहे. व्हाइटवॉटर नावाची नदीही त्याच भागात आहे. परतताना अंधार पडल्यावर गाडीत तिसरा भाग सुरुवातीपासून लावा, मित्रांना थोडा वेळ गप्प बसायला सांग, आणि शेवटचे गाणे कसे संपते ते मला सविस्तर लिहून कळव.

तुझा,
बाबा