थैलीतली नावं

नगर (नव्या पाटीवर अहिल्यानगर)
रविवार, रात्री उशिरा

प्रिय शाम्या,

सलाम.

पत्र लांबणार आहे, चहा घेऊनच बस. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच "मुद्द्यावर ये" म्हणतोस आणि यातला मुद्दा कुठला हेच मला अजून नीट कळलेलं नाही. तब्येत ठीक. साखर जरा वर आहे, गोळी चालू आहे. आई बरी आहे, तुझी आठवण काढते, ऐकू मात्र काही येत नाही.

मी आपल्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार झाल्याचं कळल्यावर तू एकच शब्द पाठवला होतास, "यहूदा", येशूला धरून देणारा. तो मी पाळकसाहेबांना दाखवला. ते पोट धरून हसले. म्हणाले, बरोबरच आहे, येशूच्या बारा शिष्यांत पैशांची थैली त्याच्याकडेच असायची, म्हणून तर आपल्याकडे दोघांनी मिळून मोजायचं आणि दोघांनी सही करायची. तेव्हा तुझा विनोद आता मंडळीच्या दप्तरी जमा आहे.

थैली म्हणजे तीच, उपासनेत दान गोळा करायची, लाल मखमलीची, लाकडी दांडीची. अजून फिरते. पण परत येते तेव्हा तिच्यात पोरांनी टाकलेली नाणी आणि म्हाताऱ्यांच्या चौघडी घातलेल्या दहाच्या नोटा, एवढंच. बाकी सगळं फोनवर. कोरोनात देऊळ बंद झालं, उपासना यूट्यूबवर गेली आणि पाळकसाहेबांचा पगार द्यायचा कुठून म्हणून क्यूआर कोड काढला. तात्पुरता. नोव्हेंबर 2020 मध्ये दारं उघडली, पण कोड काही परत गेला नाही. आता प्रत्येक बाकाच्या पाठीवर चिकटवलाय, गीतांच्या पुस्तकाशेजारी. थैली आली की लोक तिला हात लावून पुढे सरकवतात, प्रसादाचं ताट सरकवावं तशी, आणि फोन काढतात. लहान पोरांना वाटत असेल, मोठी माणसं देवाला काही देतच नाहीत, नुसती फोन बघतात.

त्यात तरुण संघाने दाराशी साउंडबॉक्स आणून ठेवला, किराणा दुकानात असतो तसला. पहिल्याच रविवारी पापांगीकाराची प्रार्थना चालू, सगळी मंडळी माना खाली घालून गप्प, आणि दारातून बाईचा खणखणीत आवाज : "वीस रुपये प्राप्त झाले!" मागून कोणीतरी आमेन म्हणालं, शपथ. पाळकसाहेबांनी डोळे उघडले नाहीत, पण खांदे हलताना मी पाहिले. बोर्डिंगच्या मावशी उठल्या आणि काठी टेकत जाऊन वायर उपटून आल्या. तो डबा आता माझ्या कपाटात आहे.

इथपर्यंत गंमत. पुढे ऐक.

थैलीतल्या नोटेवर नाव नसतं. नोटबंदीनंतरच्या रविवारी मंडळी एकदम उदार झाली होती आणि थैली पाचशेच्या नोटांनी फुगली होती, तेव्हासुद्धा कोणी आपलं घर साफ केलं ते कोणाला कळलं नाही. आता बँकेचं खातं उघडलं की नाव, वेळ, रक्कम, सगळं समोर. आणि शाम्या, एकदा दिसलं की दिसतच राहतं. उपदेश चालू असतो, मी माणसांकडे बघतो आणि मला कपाळांवर आकडे दिसतात. दर रविवारी मोठ्याने प्रार्थना करणारे आपले ते साहेब, ज्यांच्या दोन गाड्या उभ्या असतात, ते पन्नास. मावशींच्या नातवाच्या फोनवरून दोनशे, आणि पोरगा बजावून सांगतो, हे आजीचे आहेत, माझे नाहीत.

तुला माहीत आहे मी काय म्हणणार : उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. मत्तय सहावा अध्याय. आणि तू काय म्हणणार तेही मला पाठ आहे. येशू स्वतः भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते बघत होता, मार्क बारावा अध्याय, विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, त्याने बघितल्या म्हणूनच आपल्याला कळल्या. बरोबर आहे. पण त्याने तिचं नाव सांगितलं का? आणि तो बघत होता तो तो होता रे. मी आहे पंच कमिटीने बिनविरोध पकडलेला माणूस.

आता पंच कमिटीची टूम अशी की दर महिन्याला देणाऱ्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची. नाव, रक्कम, शेरा, सगळं. म्हणजे लोकांना उत्तेजन मिळेल म्हणे. मी विरोध केला तर उत्तर तयार : पूर्वी वार्षिक अहवालात वर्गणीच्या याद्या छापतच होतो की. होतो. पण ती पाकिटाची वर्गणी, ज्याने त्याने आपला नंबर घालून दिलेली. ज्याला नाव नको त्याच्यासाठी थैली होती. आता थैलीच फोनमध्ये गेली, तर बिननावाने द्यायचं कुठे? मागे एक पाहुणे वक्ते आले होते, त्यांनी मिझोरमचं सांगितलं. तिथे 1910 पासून बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात आणि घरोघरचा तांदूळ एकत्र होतो. एकदा ढिगात पडल्यावर कोणाची मूठ केवढी ते कोण शोधणार!

इथे तू चिडणार. तुझ्या अप्पांनी आयुष्यभर मंडळीचा हिशेब उघडा करा म्हणून भांडावं आणि तुझ्या या याकोबाने झाकपाक शिकवावी. मागे आपण याच विषयावर बोलणं टाकलं होतं. तू म्हणालास, मंडळी ही आधी ट्रस्ट आहे, ऑडिट आधी आणि प्रार्थना नंतर. मी म्हणालो, मग तू धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातच उपासनेला जा. (तू त्याहून वाईट केलंस. सभासदत्वाचं पत्र घेऊन पुण्यात ड्रमसेटवाल्या चर्चकडे गेलास.) पण आईशप्पथ, अप्पांची वही मी पुन्हा काढून पाहिली. काकूंनी मला दिली होती ती. तिच्यात एकाही पानावर कोणी किती दिले हा प्रश्न नाही. गेले कुठे, एवढंच विचारलंय, पानामागून पान. 1950 च्या ट्रस्ट कायद्याखाली लेखापरीक्षण लागतं, ते कलम लाल पेनाने अधोरेखित. म्हणून मी कमिटीत म्हणणार आहे की खर्चाचा शेवटचा रुपयासुद्धा भिंतीवर लावा, जमेची एकूण रक्कम लावा, नावं नकोत. ज्याला पावती हवी त्याने मागून घ्यावी. यावर तुझं काही म्हणणं असेल तर लिही, पण शिव्या कमी.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

यादी काढायला बसलो तर एक नोंद दर महिन्याला येते. पहिल्या आठवड्यात, रात्री अकराच्या पुढे. तीन हजार, कधी साडेतीन. पेन्शन जमा होते त्याच सुमाराला. खातं मुलाच्या नावाचं असल्यामुळे मला आधी लक्षातच आलं नाही. लोक शेऱ्यात "दशांश" लिहितात, "वाढदिवस" लिहितात, एकाने "गाडी घेतली" लिहिलंय. या नोंदीत दर वेळी एकच शब्द आहे : "जागा".

सेक्रेटरी.

हो. आपला सेक्रेटरी, ज्याच्या काळात देवळामागची जागा गेली आणि अप्पा ज्याच्याशी भांडले, तोच. अजून शेवटच्या बाकावर बसतो, थैली आली की मान दुसरीकडे वळवतो, आणि सगळी मंडळी त्याला चिक्कू म्हणते. मीही म्हणत होतो, मजेत. पावती मागत नाही. क्यूआर लागल्यापासूनच्या नोंदी मी उलट्या चाळत गेलो, तो सुरुवातीपासून आहे. मी बेरीज केली. मग देवळामागच्या जागेचा आजचा भाव आठवला. या वेगाने फेडायला त्याला बायबलातल्या मथुशलहाची 969 वर्षं लागतील, पण तो मुद्दा नाही.

मला राग यायला हवा होता तसा येत नाही, याचाच मला राग आलाय. इतकी वर्षं तो माणूस मला कसा सोपा होता. तू पत्र घेऊन गेलास तेव्हा, अप्पांचं नाव मंडळीच्या यादीतून काढलं तेव्हा, दफनभूमीच्या वेळचं ते सगळं, प्रत्येक वेळी बोट दाखवायला तो होता. आता तोच रात्री अकराला फोन घेऊन बसतो, "जागा" टाइप करतो, आणि सकाळी माझ्यासमोर "सलाम" म्हणून निघून जातो. तू आता इथला सभासद नाहीस, म्हणून तुला सांगितलं तर चालतं असं मी ठरवून टाकलंय. पाळकसाहेबांनाही बोललेलो नाही.

बायबलातला जकातदार जक्कय लुबाडलेल्याचं चौपट परत देतो म्हणाला ते सगळ्यांसमोर, उभा राहून. याने एक शब्द लिहिला, तोही जिथे फक्त खजिनदार वाचतो. आणि मत्तय पाचव्यात स्पष्ट आहे, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. याने अर्पण केलं, समेट सोडून दिला. भावाशी म्हणजे कोणाशी? अप्पा गेले. राहिलास तू. मग मी ते पैसे घ्यायचे की परत पाठवायचे? कमिटीत कोणी म्हणेल, घ्या, छपराचं काम आहे. छप्पर गळतंय हेही खरं, आपल्या पियानोवर बादली ठेवलीये.

एकदा वाटतं त्याला गाठावं आणि म्हणावं, शाम्याला फोन करा. मग वाटतं, तो मला विचारेल, तुला कसं कळलं, आणि मी काय सांगणार, की मी वाचतो? कदाचित वाचावं म्हणूनच तो लिहीत असेल. कदाचित तसंही नसेल, स्वतःच्या आठवणीसाठी लिहीत असेल. हे मला सुटत नाही. तुझ्या जागी मी असतो तर फोन उचलला असता का, हेही सांगता येत नाही.

तुझं काय? वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन आहे तर तारीख कळव, मी चार दिवस येऊन राहतो. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला हे ऐकून आई रडली. आमच्याकडे रडण्याचा अर्थ आनंद. त्या भाडेकरूने घर सोडलं का?

हंगामाचा सण नोव्हेंबरात आहे. लिलाव यंदाही आहे. गेल्या वर्षी एक भोपळा चौदाशेला गेला, बोली लावणारे दोघंही एकमेकांचे व्याही. तिथे नाव, रक्कम सगळं उघड असतं आणि कोणाला काही वाटत नाही, हसू येतं फक्त; हे कसं काय, ते तू मला समजाव. सेक्रेटरी येतो. बोली लावत नाही, शेवटपर्यंत बसतो. तू आलास तर कोंबडीचा विषय मी काढणार नाही, पाळकीणबाई काढतील त्याला माझा इलाज नाही.

कमिटी पुढच्या रविवारी उपासनेनंतर आहे. यादीचं मी बघून घेतो. त्या एका शब्दाचं काय करू ते शनिवारपर्यंत कळव. फोन केलास तरी चालेल, "मुद्द्यावर ये" म्हणालास तरी चालेल.

तुझा,
याकोब

ता. क. अप्पांची वही कुरिअरने पाठवत नाही. येऊन घेऊन जा.