बाबांचे चार मेल आणि चाळीस कार्डं

ती. आई-बाबा,
सा. न.

संक्रांतीला येऊन गेल्यापासून डोक्यात होतं की हे सगळं एकदा बसून लिहायचं, कारण फोनवर मी सांगते तेव्हा बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि फोन ठेवला की आईला विचारतात, काय म्हणाली गं ती? (आईनेच सांगितलं, आता तिच्यावर चिडू नका.) म्हणून टाईप करतेय आणि मोठ्या अक्षरात प्रिंट काढून कुरियरने पाठवतेय. मेलबद्दलचं पत्र मेलने पाठवलं तर ते चारातल्या कुठल्या मेलवर गेलं हे शोधण्यातच आठवडा जाईल.

आधी त्या एफडीचं. बाबा, त्या दिवशी तुम्ही बँकेवर चिडला होतात, कळवलं नाही म्हणून. बँकेने कळवलं होतं. नोव्हेंबरमध्ये दोन मेल आलेत, मी स्वतः बघितले, पण ते तुमच्या याहूवर पडून होते आणि तुम्ही बघता जीमेल. एफडी आपोआप पुढच्या मुदतीला गेली आणि आईच्या मोतीबिंदूसाठी ठेवलेले पैसे त्यात अडकले म्हणून तुम्ही सेव्हिंगमधून काढलेत. ऑपरेशन नीट झालं हे महत्त्वाचं, पण तो घोळ निस्तरताना मला जे दिसलं ते सांगते.

याहूचे मेल जीमेलमध्ये यायची सोय मी लॉकडाऊनमध्ये करून दिली होती, आठवतंय? तुम्ही दोन दोन ठिकाणी बघायचा कंटाळा करता म्हणून. ती अशी चालते की जीमेल अधूनमधून याहूच्या दारात जातं, नवीन काही आलंय का बघतं आणि उचलून आणतं, आणि त्यासाठी याहूकडून एक वेगळा पासवर्ड बनवून तो जीमेलला द्यावा लागतो. ऑक्टोबरमध्ये तुम्हाला व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलं की आपल्या खात्याला कोण कोण जोडलंय ते तपासा आणि अनोळखी असेल ते काढून टाका. तुम्ही अगदी शहाण्यासारखं याहूत जाऊन तपासलंत, तिथे मी बनवलेला पासवर्ड दिसला, ओळखीचा वाटला नाही म्हणून डिलीट केलात. तुमचं काही चुकलं नाही. तो मी बनवलाय हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. जीमेलमध्ये सेटिंगच्या अकाउंट्सवाल्या पानावर लाल अक्षरात लिहून येत होतं की मेल आणता येत नाहीत, पण त्या पानावर तुम्ही कशाला जाल? आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आजकाल मेल कमी येतात, बरंय, शांतता आहे. शांतता कसली, तीन महिन्यांचे मेल तिकडे साठले होते!

आता तुमच्या भाषेत सांगते. २००५ च्या पुरानंतर आपण सांगलीतच गावभागातून विश्रामबागला आलो. घरात कंबरेपर्यंत पाणी, पॉलिसीचे कागद गच्चीवर दगड ठेवून वाळत घातलेले, आणि तेव्हापासूनच तुम्हाला प्रत्येक गोष्ट मेलवर पण हवी असते. घर बदललं तरी पत्रं जुन्या पत्त्यावरच जात होती. शेजारच्या काकू ती कोनाड्यात ठेवायच्या आणि दर शनिवारी तुम्ही सायकलवर जाऊन घेऊन यायचात. जीमेल याहूबरोबर करत होतं ते नेमकं हेच, फक्त शनिवारऐवजी तासाभराने. म्हणून तर ओटीपी उशिरा यायचा, दहा मिनिटांत संपणारा ओटीपी जीमेलमध्ये येईपर्यंत मेलेला असायचा आणि तुम्ही म्हणायचात सर्व्हर डाऊन आहे. आणि एका शनिवारी काकूंचं दार कुलूपबंद असलं की? तेच झालं.

ती सोय मी परत जोडली नाही. एक तर गूगलनेच सांगितलंय की दुसऱ्या कंपनीचे मेल असे उचलून आणायची सोय जीमेलमधून २०२६ मध्ये बंद करणार, मग परत तेच कशाला करायचं. दुसरं म्हणजे तुमच्या फोनवर याहो सरळच बघता येतं. (याहो नाही, याहू. तुमच्यामुळे माझ्याही तोंडात बसलंय.) फोनमधल्या जीमेलच्या ॲपमध्येच मी याहूचं खातं जोडून दिलंय. यात मेल उचलून आणला जात नाही, तो राहतो याहूकडेच, आपण इथे बसून तिकडचा कोनाडा बघतो. इथे वाचला की तिकडेही वाचलेला दिसणार, इथे डिलीट केला की तिकडूनही गेला, एवढं मात्र लक्षात ठेवा. वर डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत त्या दाबल्या की अगदी वर 'सर्व इनबॉक्स' असं येतं, ते निवडून ठेवलंत की फोनवरच्या सगळ्या खात्यांचे मेल एकाखाली एक दिसतात. लॅपटॉपवर हे असं दिसणार नाही, तिथे याहू वेगळं उघडावं लागेल, त्याचा बुकमार्क वरच्या पट्टीत करून ठेवलाय.

आता तुमची खाती, कारण त्या दिवशी मोजता मोजता तुम्हीच दमलात. याहू २००३ चं, राजवाडा चौकाजवळच्या सायबर कॅफेत बनवलेलं, त्यावर बँक आणि म्युच्युअल फंड. खरं जीमेल २००६ चं, तेव्हा कुणीतरी इन्व्हाइट दिल्याशिवाय जीमेल मिळत नव्हतं आणि मी कॉलेजमधल्या मैत्रिणीच्या मागे लागून तुमच्यासाठी एक मिळवलं होतं. तिसरं मोबाईलच्या दुकानवाल्याने बनवलेलं. नवीन फोन घेतला, पासवर्ड आठवेना, त्याने दोन मिनिटांत नवीन खातं काढून दिलं, नावापुढे सात आकडे लावून. असं तुमचंच नाही, इथे नागपुरात माझ्या सासऱ्यांचीही अशी दोन निघाली. चौथं सोसायटीचं, तुम्ही सेक्रेटरी झालात तेव्हाचं. रेडिफमेलचं धरत नाही, त्याचा पासवर्ड पुरात डायरीबरोबर वाहून गेला, तो विषय सोडा.

दुकानवाल्या खात्याला टाकाऊ समजू नका. २०१७ ते २०१९ चे सगळे फोटो त्यात आहेत, छोटूच्या बारशाचे पण. आणि गूगलचा नियम आहे की दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर ते डिलीट होऊ शकतं, याहूचं तर बारा महिन्यांवरच आहे. या खात्यावर येणारे मेल मी तुमच्या खऱ्या जीमेलकडे वळवलेत. जीमेल ते जीमेल वळवणं सोपं आणि फुकट आहे. याहूने तेच बिनपैशाच्या खात्यांना २०२१ पासून बंद केलंय, नाहीतर सगळंच वळवून मोकळी झाले असते. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचं पान आहे, तिथे खऱ्या जीमेलचा पत्ता घातला, त्यावर एक कोड आला, तो इकडे भरला. गंमत म्हणजे एवढं करूनही मेल येईनात, अर्धा तास मी डोकं खाजवत बसले आणि मग कळलं की पानाच्या अगदी तळाशी 'सेव्ह चेंजेस' दाबायचं राहिलं होतं. आई मागून म्हणाली, एवढी शिकलेली तू. वळवून आलेल्या मेलवर हिरवी पट्टी दिसेल, 'दुकानवालं' असं लिहिलेली. ती पट्टी म्हणजे डब्यावर चिकटवतो तसं लेबल, पट्टी काढली म्हणून मेल जात नाही. फक्त एक, तिकडच्या स्पॅममध्ये पडलेलं वळून येत नाही, त्यामुळे तीन महिन्यांनी एकदा त्या खात्यात स्वतः जाऊन यायचं, म्हणजे खातंही वापरात राहील. कालनिर्णयवर मी एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या एक तारखेला लाल गोल केलाय, दुधाच्या हिशोबाच्या वर.

सोसायटीचं खातं मी तुमच्या फोनवरून काढलं आणि याबद्दल मला वाद नकोय बाबा. ते तुमचं नाही, सेक्रेटरी या खुर्चीचं आहे. उद्या दुसरा सेक्रेटरी आला की पासवर्डसकट त्याला द्यायचं, आणि त्यात घरचं काही मिसळलेलं नको. लिफ्टवाल्याचं विसरलात का? त्याच्या कोटेशनला तुम्ही कडक उत्तर लिहिलंत, 'सदर दर समितीस मान्य नाहीत' वगैरे, आणि ते गेलं आईच्या खात्यावरून, बाजूला भजनी मंडळाचा टाळ हातात घेतलेला फोटो! तो बिचारा आईला ताई म्हणून दर कमी करून गेला हा भाग वेगळा. लॅपटॉपवर सोसायटीसाठी क्रोमचं वेगळं प्रोफाईल केलंय, पिवळ्या रंगाचं. पिवळं उघडलं की सोसायटी, निळं उघडलं की घर. आणि फोनवरून कुठलाही मेल पाठवायच्या आधी सगळ्यात वरची ओळ वाचायची, कुणाकडून जातोय ती, त्यावर बोट ठेवलं की बदलता येतं.

आई, तुझं खातं मी बाबांच्या ॲपमधूनही काढलंय, तू म्हणालीस ना, माझी पत्रं यांनी का वाचायची. बरोबर आहे तुझं. मला आधी वाटलं होतं सगळं एकत्र केलं की सोयीचं, पण नवऱ्याच्या फोनवर बायकोचा मेल दिसायला पाहिजे असं कुठे लिहिलंय. तुला तर शिकवायचीही गरज नाही, त्या गोल फोटोवर बोट वर-खाली सरकवून खातं बदलायचं तू बाबांच्या आधी शिकलीस.

आता माझी दुसरी चूक, ही जास्त मोठी. तुमच्या सगळ्या खात्यांना, पासवर्ड विसरला तर कोड कुठे पाठवायचा म्हणून जो नंबर दिलेला होता तो माझा होता, आणि माझा जुना, जो मी नागपूरला आल्यावर बंद केला. बंद केलेले नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. म्हणजे तुमच्या घराची किल्ली मी दोन वर्षं कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात ठेवली होती. रात्री मला झोप लागली नाही खरंच. आता बाबांच्या खात्यांना आईचा नंबर आणि आईच्या खात्याला बाबांचा. माझा कुठेच नाही. मी लांब असते, रात्री दोनला तुम्हाला कोड हवा असेल आणि मी फोन उचलला नाही तर? तुम्ही दोघं एका घरात आहात, एकमेकांना विचारा. कोड बाहेरच्या कुणालाही सांगायचा नाही, 'मेलबॉक्स भरलाय, इथे क्लिक करा' असा मेल आला तर तो मराठीत असला तरी खोटाच समजायचा, आणि काही गडबड होऊन पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन.

पण हे जोडणं-वळवणं सगळं तात्पुरतं आहे. गावभागातून आल्यावर दोन वर्षं सायकल मारून शेवटी तुम्ही काय केलंत? पन्नास पैशांची चाळीस पोस्टकार्डं आणलीत आणि प्रत्येकाला स्वतःच्या अक्षरात लिहिलंत, आमचा पत्ता बदलला आहे, कृपया नोंद घ्यावी. आत्याला, एलआयसीला, गॅस एजन्सीला, माझ्या कॉलेजला. मी तिकिटासारखं काहीतरी चिकटवायला मागत होते आणि तुम्ही म्हणालात कार्डाला तिकीट लागत नाही गं. त्यानंतर महिन्याभरात कोनाडा रिकामा झाला. तेच आता करायचंय. बँकेत, म्युच्युअल फंडाच्या फोलिओत, इन्कम टॅक्सच्या साईटवर, पेन्शनच्या ऑफिसात, जिथे जिथे याहू लिहिलंय तिथे खरं जीमेल घालायचं. बँकेत फॉर्म भरावा लागेल, इन्कम टॅक्सचं घरबसल्या प्रोफाईलमध्ये होतं, पण मोबाईल आणि मेल दोन्हीवर ओटीपी येतो तेव्हा दोन्ही समोर ठेवून बसा. रोज एक केलंत तरी पंधरा दिवसांत संपेल. यादी मागच्या पानावर आहे, झालं की टिक करा, तुम्हाला आवडतं तसं.

आणि जीमेलची जागा. १५ जीबी मिळते, पण ती मेल, फोटो आणि ड्राइव्ह सगळ्यांत मिळून, आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजतात. तुमची १४ च्या वर गेली होती, भरली असती तर नवीन मेल येणंच थांबलं असतं. मी सुप्रभातचे व्हिडिओ काढले, सहा जीबी मोकळी झाली. कुणाचे होते ते लिहीत नाही, आत्या हे पत्र वाचेल.

रविवारी रात्री नऊला मी तुमच्या चारही पत्त्यांवर एकेक मेल टाकणार आहे. विषयात फक्त आकडा असेल, याहूला एक, खऱ्या जीमेलला दोन, दुकानवाल्याला तीन, सोसायटीला चार. फोनवर सर्व इनबॉक्स उघडून बघा. एक, दोन आणि हिरव्या पट्टीचा तीन दिसला पाहिजे. चार दिसला तर माझंच परत काहीतरी चुकलंय, लगेच फोन करा. आईने ड्रॉप्स घातले का ते पण तेव्हाच सांगा.

तुमची,
मनू