नेदरलँड्समधल्या उत्रेख्तहून बडोद्याच्या दांडिया बाजारला

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. सर्दी गेली. लीलो चिवडो पुरवून पुरवून खातेय.

बाबा, ‘बुरशीत बसून दमा लागेल’ म्हणालात. नाही लागणार. माझी बुरशी भाकरीवरची नाही, धडधाकट पानाच्या आत राहणारी आहे. झाडालासुद्धा तिचा त्रास दिसत नाही. ओकचं पान अल्कोहोल, ब्लीच, मग निर्जंतुक पाण्यातून काढते, म्हणजे वरचं सगळं मरतं. मग पानाचे तुकडे बुरशी वाढवायच्या प्लेटवर ठेवते, आणि शेवटच्या धुण्याचं पाणीही वेगळ्या प्लेटवर घालून ठेवते. त्यात काही उगवलं तर पानाच्या वरचं काहीतरी जिवंत राहिलं, म्हणजे मेहनत फुकट. यंदा ती प्लेट कोरी राहिली, आणि आठव्या दिवशी पानाच्या एका तुकड्याच्या कापलेल्या कडेतून, आई, तुझ्या वातीच्या कापसासारखे तंतू बाहेर आले!

तिचा डीएनए नोंदलेल्या कुठल्याच जातीशी नीट जुळत नाही. पण तेवढ्यावर नवी जात म्हणता येत नाही. आणखी जनुकं तपासायची, बीजाणू मोजायचे, सुकवलेला नमुना संग्रहात ठेवायचा. नोंदणी क्रमांकाशिवाय तर २०१३ पासून नाव ग्राह्यच धरत नाहीत. आणि तिने अजून बीजाणूच धरलेले नाहीत. मी वेळ घालवत नाहीये, बाबा.

इथली एक रीत अजून उमगत नाही. घरमालकीणबाईंच्या मुलाचा वाढदिवस होता. खुर्च्या गोल मांडलेल्या. येणारा प्रत्येक जण गोल फिरून सगळ्यांशी हात मिळवतो आणि अभिनंदन करतो: मुलाचं तर खरंच, पण आईचं मुलाबद्दल, आजीचं नातवाबद्दल, शेजाऱ्यांचंही. माझंसुद्धा केलं! मी त्याची कोण? मग प्रत्येकी केकचा एक तुकडा, आणि पुन्हा त्याच खुर्चीत. घरी येताना वाटलं, माझ्या वाढदिवसाला तुझं अभिनंदन कुणी केलं, आई? मी तर फोनही रात्री उशिरा केला.

गच्चीच्या कामाचे ३०,००० रुपये मी पाठवलेत. एफडी मोडू नका. माझी ओढाताण होत नाही, डबा घरूनच नेते. सुरतेच्या स्थळाला तूर्त नाही कळवा. आजीला मी समजावेन. मंजूच्या लग्नाला येणारच. साखरपुड्याला मात्र जमत नाहीये, याच आठवड्यांत बीजाणू धरले तर बघायला हवं. ती रागावलीय, ठाऊक आहे. वेगळं लिहिते तिला.

त्या दिवशी व्हिडिओ लावाल तेव्हा फोन आजीकडे देऊ नका, तिचा हात हलतो. मंजूचा चेहरा दिसेल असा टेकवून ठेवा.

तुमची,
सई