गोळीसाठी नागपूर

महोदय,

बाबांच्या मणक्यात कॅन्सर उतरला आहे. मॉर्फिन सोसेना, म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी मेथाडोन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक सुरू केलं. गोळ्या संपत आल्या की मी पहाटेची एसटी धरतो, ऐन कापूस वेचणीत दिवस मोडतो. तालुक्याला मेडिकलवाला चिठ्ठी पुरती न वाचताच म्हणाला, "हे तर गर्दुल्ल्यांचं औषध!" बाबा काउंटरला धरून उभे होते. (मास्तर होते ते, साधी सुपारीही न खाणारे.)

2014 च्या दुरुस्तीनंतर एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्यात मेथाडोन अत्यावश्यक अंमली औषधांत आहे. मान्यताप्राप्त रुग्णालयाला ते ठेवता येतं. हे औषध अंगात साचतं, मात्रा चुकली तर श्वास मंदावतो, तेव्हा नोंदवही हवीच. पण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यानं ही मान्यता का घेऊ नये?

एक शेतकरी, जि. यवतमाळ