टॉन्सिल शस्त्रक्रिया : घरी पाठवतानाच्या सूचना मराठीत हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया ‘किरकोळ’ म्हणून सांगितली जाते आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ती सुरळीत पारही पडते. तथापि, पुण्यात वैद्यकीय निष्काळजीपणाच्या ग्राहक तक्रारींचे काम पाहताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. वादाचे मूळ पुष्कळदा शस्त्रक्रियेत नसते, तर मुलाला घरी पाठवताना दिलेल्या, किंवा न दिलेल्या, सूचनांमध्ये असते.

टॉन्सिलच्या जागी धरलेली पांढरट खपली साधारणतः पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सुटते आणि याच काळात पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तेव्हा मूल घरी असते. लहान मुले बऱ्याचदा रक्त थुंकत नाहीत, गिळतात; त्यामुळे झोपेत वारंवार आवंढा गिळणे किंवा काळसर उलटी होणे एवढीच खूण दिसते आणि आईवडील ती पित्ताची समजून सकाळची वाट पाहत बसतात. हातातल्या डिस्चार्ज कार्डावर मात्र इंग्रजीत ‘सॉफ्ट डाएट’, औषधांची नावे, पुढच्या तपासणीची तारीख आणि शेवटी ‘एसओएस’ (गरज पडल्यास) एवढेच लिहिलेले असते. रात्री दोन वाजता कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे त्यावर सापडत नाही.

असा रक्तस्राव निष्णात सर्जनच्या रुग्णालाही होऊ शकतो, म्हणून केवळ तो झाला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने ते न्याय्यच आहे. पण माहीत असलेला धोका पालकांना न सांगणे, किंवा तोंडातून रक्त येत असल्याचे कळवल्यावरही ‘उद्या ओपीडीत आणा’ असे उत्तर देणे, याला गुंतागुंत म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी तिचे स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमतीच ग्राह्य, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. ऑपरेशन थिएटरच्या दारात छापील फॉर्मवर घेतलेली सही त्या कसोटीला कशी उतरणार?

पालकांनाही एक कळकळीची विनंती. संतापाच्या भरात पोलीस चौकीचे हेलपाटे घालण्यात महिने जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरांवर फौजदारी कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय अभिप्राय लागतो आणि त्याला वेळ लागतो. दरम्यान ग्राहक आयोगाकडे जाण्याची दोन वर्षांची मुदत सरत असते. म्हणून आधी लेखी अर्ज करून केसपेपर, भूलतज्ज्ञांची नोंद आणि नर्सिंग चार्ट यांच्या प्रती मागाव्यात. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार त्या 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. फोन केल्याच्या नोंदी मोबाईलमधून पुसू नयेत.

शहरातील खासगी रुग्णालयांची नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. या शस्त्रक्रियेनंतर धोक्याचे दिवस, रक्तस्रावाची लक्षणे आणि चोवीस तास उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक असलेले एक पानी मराठी पत्रक पालकांना समजावून देऊन त्याची सही केलेली प्रत केसपेपरला जोडावी, अशी सूचना विभागाने सर्व रुग्णालयांना तातडीने द्यावी.

आपला,
एक वकील, सदाशिव पेठ, पुणे