तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, सतरा अंकी आभार

काका, सप्रेम नमस्कार.

जिन्यात आभार मानायला गेलं की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून पिशवी दुसऱ्या हातात घेता आणि चालू लागता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

त्या रविवारी आमच्या आठवीतल्या कन्येला नऊ एक शेजारी शेजारी मांडून, म्हणजे 111111111, त्याचा वर्ग हवा होता. मी अकाउंटंट, दिवसभर स्प्रेडशीटमध्येच. आकडा टाकला, उत्तर आलं 12345678987654300. ती म्हणाली, “आई, एकाला एकानं गुणल्यावर शेवटी शून्य कसं?” मी म्हणाले, “कॉम्प्युटर चुकत नाही.” हे वाक्य आता घरात रोज मला ऐकवलं जातं.

रुसून ती तुमच्याकडे खाली आली, आणि तासाभरानं तिला जेवायला बोलवायला आलेली मीही तिथेच बसले. तुम्ही उत्तर सांगितलंच नाहीत. आधी म्हणालात, “नवाचा ताळा घे.” म्हणजे अंकांची बेरीज करायची; तिला नवानं भाग गेला, तर संख्येलाही जातो. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणजे त्या संख्येला नवानं भाग जातो, मग वर्गालाही जायलाच हवा. माझ्या उत्तरातल्या अंकांची बेरीज भरली 78, म्हणजे पंधरा, म्हणजे सहा. चुकलं! पोस्टाच्या खिडकीमागे आयुष्य काढलेल्या माणसानं माझं उत्तर अर्ध्या मिनिटात परत पाठवलं. माझी शीट पंधराच अंक धरते आणि पुढच्या घरांत मुकाट शून्यं भरते, हे इतक्या वर्षांत मला कधी जाणवलंच नव्हतं. आपल्या पगारात सतरा अंकांची वेळ कधी येणार म्हणा!

मग तुम्ही चौकटींची वही काढलीत. एकाखाली एक 111111111 च्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. कागदावर तिरका पट्टा तयार झाला. पोरीनं उजवीकडून एकेका उभ्या रांगेतले एक मोजले: एक, दोन, तीन, मधल्या रांगेत नऊ, मग पुन्हा उतरत एक. हातचा कुठेच नाही. 12345678987654321. अंकांची बेरीज 81. ताळा जुळला.

तुम्ही तिथेही थांबला नाहीत. 111 म्हणजे तीन गुणिले 37, हे तिला ठाऊक होतं. 111111111 म्हणजे 111 गुणिले 1001001, आणि त्या 1001001 मध्येही एक तीन दडलाय, उरतात 333667, हे तुम्ही तिच्याकडून काढून घेतलंत. वर्ग असल्यामुळे प्रत्येक अवयव दुप्पट वेळा: तीन चारदा, 37 दोनदा, 333667 दोनदा. तीन घ्यायच्या पाच तऱ्हा (एकदाही नाही ते चारदा), 37 आणि 333667 च्या प्रत्येकी तीन, म्हणून एकूण विभाजक 45. विषम का, तर गुणाकार ही संख्या येईल अशा विभाजकांच्या जोड्या लावताना 111111111 ला जोडीदार तोच.

आणि निघताना उंबऱ्यात म्हणालात, “या संख्येला आपल्या स्टेशनचं नाव आहे बरं का.” मला थट्टाच वाटली. पण खरंच, देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांना अशा संख्यांची कल्पना डोंबिवली, म्हणजे तेव्हाच्या ‘डेम्लो’, स्टेशनात सुचली म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो’ म्हटलं. मी तिथून रोज 8.12 पकडते आणि मला फक्त गर्दीत पाय ठेवायला जागा सुचते.

भास्कराचार्यांच्या यादीतली अंकांच्या स्थानांची नावंही तिनं तुमच्याकडूनच घोकली: खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य. आमची संख्या ‘मध्य’च्या घरात सुरू होते, परार्ध एकच घर लांब. आता ती पाण्याच्या बिलावरचा ग्राहक क्रमांकही तसाच वाचते.

काल तिनं दहा एक घेतले. उत्तर 1234567900987654321. चढताना आठ गायबच! मधल्या रांगेत दहा झाले, हातचा सरकला, इथपर्यंत तिचं तिला कळलंय. पण पूर्ण मांडणी तुम्हाला दाखवायची आहे म्हणते. चौकटींची वही तुमच्याकडेच राहिलीय. रविवारी दहानंतर पाठवते. चहा मात्र यावेळी आमच्याकडून, थर्मासमधून.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची अकाउंटंट