चॉकलेटच्या पाककृतीबरोबर तिचे वेळापत्रकही छापावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडेच अनेक थरांच्या चॉकलेट केकची पाककृती प्रसिद्ध झाली. तळाशी कोकोचा स्पंज, त्यावर प्रालिनेचा (साखरेच्या पाकात परतून वाटलेल्या सुक्या मेव्याचा) कुरकुरीत थर, पोटात रास्पबेरीची जेली, तिच्या भोवती डार्क चॉकलेटचे मूस (फेटलेल्या क्रीमने हलके केलेले मऊ मिश्रण), वरून चकचकीत ग्लेझ (ओतून दिलेले गुळगुळीत आवरण) आणि सजावटीला चॉकलेटच्या पातळ चकत्या, असा तो सहा घटकांचा पदार्थ होता. छायाचित्र देखणे होते, जिन्नसांची यादी नेटकी होती आणि शीर्षकाखालच्या चौकटीत ‘लागणारा वेळ : दीड तास’ असे छापले होते. हे पत्र प्रामुख्याने त्या चौकटीविषयी आहे.

दीड तासात हा पदार्थ कोणालाही करता येणार नाही, व्यवसाय म्हणून रोज केक करणाऱ्यालाही नाही, आणि त्याचा हाताच्या वेगाशी काहीही संबंध नाही. जेली साच्यात ओतून पूर्ण कडक गोठल्याशिवाय ती मूसच्या मध्यभागी बसवता येत नाही, मूस भरलेला साचा आतपर्यंत गोठल्याशिवाय केक साच्यातून सुबक निघत नाही, आणि केक गोठलेला नसेल तर त्यावर ओतलेले ग्लेझ जागच्या जागी धरत नाही. घरच्या फ्रीझरचे तापमान साधारण उणे १८ अंश सेल्सिअस असते आणि तो पदार्थ सावकाश गोठवतो. मोठ्या बेकऱ्यांत असतात तशी जोराचा थंड झोत सोडून झटपट गोठवणारी यंत्रे घरी नसतात. त्यामुळे जेलीला तीन-चार तास, रचलेल्या केकला अख्खी रात्र आणि ग्लेझ ओतल्यानंतर फ्रीजमध्ये पुन्हा मऊ होण्यासाठी आकारानुसार चार ते सहा तास द्यावेच लागतात. हाताचे काम फार तर तीन-चार तासांचे असते, बाकीचा सगळा वेळ थांबण्याचा असतो, आणि पाककृती छापताना नेमके हे थांबणेच गळून पडते.

‘साहित्य’ आणि ‘कृती’ या दोन मथळ्यांखाली अशी पाककृती मावत नाही. तिला ‘कामाचा क्रम’ असा तिसरा मथळा हवा, आणि तो वाढण्याच्या वेळेपासून उलटा मोजत लिहायला हवा. समजा केक शनिवारी रात्री वाढायचा आहे, तर गुरुवारी जेली करून गोठवावी, स्पंज भाजून गार करावा आणि त्यावर कुरकुरीत थर पसरून ठेवावा. शुक्रवारी सकाळी ग्लेझ करून, त्याच्या पृष्ठभागाला चिकटेल असे प्लास्टिक लावून ते फ्रीजमध्ये ठेवावे (ग्लेझ एक दिवस मुरले की त्यातले हवेचे बुडबुडे निघून जातात, हा उशिराचा फायदा), आणि संध्याकाळी मूस करून लगेच सगळे थर साच्यात रचावेत. मूस मात्र करून ठेवता येत नाही, कारण ते भांड्यातच घट्ट होऊ लागते. त्या आधी साचा, जेली आणि स्पंज हाताशी तयार असलेच पाहिजेत. शनिवारी सकाळी ग्लेझ गरम करून ओतावे आणि केक फ्रीजमध्ये ठेवून द्यावा. इतके लिहिले असते, तर ज्याला रोज संध्याकाळी तासभरच मोकळा मिळतो त्यालाही हा पदार्थ आवाक्यातला वाटला असता. छापलेल्या रूपात तो आधी फसवा सोपा वाटतो आणि अर्ध्यावर गेल्यावर अशक्य.

दुसरी उणीव तापमानांची आहे, आणि माझ्या मते ती वेळेहूनही गंभीर आहे. पाककृतीत ‘कोमट ग्लेझ केकवर ओता’ एवढेच वाक्य होते. जिलेटिन, साखर, ग्लुकोज, कंडेन्स्ड मिल्क आणि चॉकलेट यांचे असे ग्लेझ साधारण ३२ ते ३५ अंशांवर ओतावे लागते. ते ४० अंशांच्या वर असेल तर गोठलेल्या मूसचा पृष्ठभाग वितळवत खाली ओघळते आणि कडांवर केकचा रंग उघडा पडतो. २८ अंशांच्या आसपास आले असेल तर जाड थर बसतो आणि ओतल्याच्या रेषा तशाच राहतात. शिवाय केक फ्रीझरमधून अगदी ओतण्याच्या क्षणीच बाहेर काढायचा असतो, कारण हवेतली वाफ त्याच्यावर हिमाच्या रूपाने साचली की ग्लेझ तिच्यावरून घसरते. यातले काहीही हाताच्या अनुभवावर सोडण्याजोगे नाही. साधा डिजिटल थर्मामीटर हे या पदार्थाचे ओव्हनइतकेच आवश्यक साधन आहे आणि साहित्याच्या यादीत त्याचा उल्लेख पहिल्या ओळीत यायला हवा.

मूसचेही तेच. अंड्याचा बलक, दूध आणि साखर यांचे कस्टर्ड ८२ ते ८४ अंशांपर्यंत नेऊन थांबवायचे असते. त्यापुढे बलक गोठून दाणे धरतो. ते चॉकलेटवर ओतून एकजीव केल्यावर मिश्रण ४० ते ४५ अंशांवर आले की फेटलेले क्रीम हलक्या हाताने मिसळायचे. मिश्रण याहून बरेच गरम असेल तर क्रीममधली हवा निघून जाते, आणि फार गार असेल तर थंड क्रीम लागताच चॉकलेटमधले कोको बटर घट्ट होऊन मूसमध्ये बारीक कण जाणवतात. क्रीमही टोक वाकेल इतपतच फेटायचे असते; ताठ फेटलेले क्रीम मिसळायला जास्त हात फिरवावा लागतो आणि मूस रवाळ होते. छापलेल्या कृतीत या टप्प्याला एकच ओळ मिळाली होती, तर चकत्या केकवर कशा उभ्या कराव्यात याला पाच.

त्या चकत्यांविषयी थोडक्यात लिहितो. ‘चॉकलेट वितळवून पसरा आणि घट्ट होऊ द्या’ असे केले तर चकत्या निस्तेज होतात, त्यांवर करडे पट्टे येतात आणि त्या कडकन मोडत नाहीत. कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत घट्ट होऊ शकते आणि त्यांपैकी सुमारे ३४ अंशांना वितळणारे पाचवे रूपच आपल्याला हवे असते. त्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, हलवत २७-२८ अंशांवर आणून, पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत गरम करावे लागते. एकतर ही तिन्ही तापमाने छापावीत किंवा सजावट सरळ वगळावी. वरून चाळलेली कोको पावडर मुळीच वाईट दिसत नाही. सजावटीपुरते कंपाउंड चॉकलेट वापरले तरी माझी हरकत नाही. त्यात कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध असल्याने हा खटाटोप टळतो; पण तेच मूसमध्ये घातले तर खाल्ल्यावर टाळूवर मेणचट थर राहतो.

जिन्नसांच्या यादीत ‘डार्क चॉकलेट २०० ग्रॅम’ आणि ‘जिलेटिन २ चमचे’ असे होते, आणि दोन्ही नोंदी अपुऱ्या आहेत. वेष्टनावरचा ७० टक्के हा आकडा कोकोचा घन भाग आणि कोको बटर यांची बेरीज सांगतो. उरलेला भाग बहुतांशी साखरेचा असतो. पाककृती ५५ टक्क्यांच्या चॉकलेटवर बेतलेली असताना वाचकाने हौसेने ७० टक्क्यांचे आणले, तर मूस कडक होते आणि गनाश (चॉकलेट आणि क्रीम किंवा दूध यांचे एकजीव मिश्रण) फुटण्याची, म्हणजे त्यातले तेल वेगळे होण्याची, शक्यता वाढते. गनाश हे स्निग्ध आणि पाणी यांचे मिश्रण असल्याने त्यातला तोल बिघडला की ते फुटते, आणि फुटलेले गनाश थोडे कोमट दूध घालून हँड ब्लेंडरने फिरवले की बहुतेक वेळा पुन्हा जुळून येते. हा एका वाक्याचा उपाय छापला असता तर कितीतरी वाचकांचे चॉकलेट वाया जायचे वाचले असते.

जिलेटिनच्या बाबतीत तर चमचा हे मापच निरुपयोगी आहे. त्याची ताकद ‘ब्लूम’ या एककात मोजतात. हे माप ऑस्कर ब्लूम यांनी १९२५ मध्ये पेटंट घेतलेल्या उपकरणावरून आले आहे. १६० ब्लूमची पावडर आणि २२० ब्लूमची पावडर सारख्याच वजनाने घातली तर एका घरी मूस ढासळते आणि दुसऱ्या घरी ते रबरी होते. तेव्हा ग्रॅम आणि ब्लूम दोन्ही द्यावेत. पावडर भिजवायला तिच्या वजनाच्या पाच ते सहा पट थंड पाणी लागते आणि भिजलेले जिलेटिन उकळायचे नसते, हेही सांगावे.

जिलेटिन प्राणिजन्य असल्यामुळे अनेकांना ते चालत नाही, आणि अशा वाचकांसाठी पाककृतीच्या शेवटी ‘त्याऐवजी तेवढेच अगर-अगर घ्या’ असे लिहिले होते. हा सल्ला चुकीचा आहे. अगर-अगर उकळावेच लागते, ते ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होते आणि एकदा घट्ट झाले की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणजे जिलेटिनसारखे ते जिभेवर विरघळत नाही. शिवाय गोठवून पुन्हा मऊ केल्यावर ते पाणी सोडते. अशा वाचकांना अदलाबदल सुचवण्यापेक्षा वेगळीच पाककृती द्यावी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस यांनी दाखवलेली पद्धत यासाठी चांगली आहे : चॉकलेट पाण्यात वितळवून एकजीव करायचे आणि भांडे बर्फावर ठेवून ते क्रीमप्रमाणे फेटायचे. त्यात अंडे नाही, क्रीम नाही, जिलेटिनही नाही. कोको बटरच थंड होताना हवा धरून ठेवते. ग्लेझऐवजी त्यावर गनाशचा पातळ थर द्यावा.

मापांबाबत आणखी एक विनंती आहे. कपाने मोजलेला मैदा भरण्याच्या पद्धतीनुसार १२० ग्रॅमही असतो आणि १५० ग्रॅमही, आणि पातळ स्पंजमध्ये तेवढ्या फरकाने तो कोरडा पडून गुंडाळताना किंवा कापताना तडकतो; म्हणून सर्व मापे ग्रॅममध्ये द्यावीत. साच्याचा व्यासही द्यावा, कारण २० सेंटिमीटरच्या साच्यासाठी लिहिलेले प्रमाण २४ सेंटिमीटरच्या साच्याला त्याच उंचीसाठी १.४४ पट करावे लागते, आणि हा हिशेब वाचकाने पीठ कालवल्यानंतर करण्यात अर्थ नाही.

अंड्यांबद्दलही स्पष्टता हवी. यापूर्वी आपल्याकडे आलेल्या एका मूसमध्ये कच्ची अंडी होती आणि तशी सूचना नव्हती. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारी व्यक्ती यांना साल्मोनेलाच्या शक्यतेमुळे असे पदार्थ देऊ नयेत, तेव्हा ही ओळ शीर्षकाखालीच असायला हवी.

इतके सगळे वाचून आपल्याला वाटेल की असा पदार्थ घरी करूच नये, असे माझे मत आहे. तसे अजिबात नाही. या केकचे घटक सुटे पाहिले तर एकही फारसा अवघड नाही, आणि कुरकुरीत थर तर निव्वळ आनंदाचा आहे : बिस्किटाचा चुरा वितळलेल्या चॉकलेटमध्ये आणि प्रालिनेमध्ये घोळवला की प्रत्येक कणावर स्निग्धाचे आवरण बसते, मूसमधला ओलावा आत शिरत नाही आणि दोन दिवसांनंतरही तो दाताखाली वाजतो. फक्त सहाही घटक पहिल्याच वेळी एकत्र करायला सांगू नयेत. सुरुवातीला व्हिएन्नाचा झाखरटोर्ट छापावा, ज्यात केक, जर्दाळूचा जॅम आणि चॉकलेटचे ग्लेझ एवढेच असते. (तीनच घटक असले तरी त्यांचा क्रम किरकोळ नाही : झाखर हॉटेल आणि डेमेल ही मिठाईची पेढी यांच्यात या केकवरून बरीच वर्षे कोर्टकज्जा चालला, आणि केकच्या मध्ये जॅमचा दुसरा थर असावा की नाही हाही त्यातला एक मुद्दा होता.) त्यानंतर स्पंज, कॉफीचे बटरक्रीम आणि गनाश यांचा ऑपेरा केक द्यावा, ज्याला ना साचा लागतो ना रात्रभर गोठवणे. मूस आणि चकचकीत ग्लेझ त्यानंतर यावे.

प्रसिद्ध झालेली पाककृती कामाचा क्रम, तापमाने, वजने आणि साच्याचे माप यांसह पुन्हा एकदा छापावी, अशी विनंती आहे. जागेची अडचण असल्यास छायाचित्र अर्ध्या पानाऐवजी पाव पानावर घेतले तरी या सगळ्याला पुरेशी जागा निघेल.

कळावे,
आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक